कराटे क्लासचे पैसे वसूल झाले का? एका कंडक्टरबाईचं उत्तर

आधीच सांगून टाकते. लेकराला रंगीत बेल्ट, मेडल आणि पेपरात फोटो पाहिजे असेल तर परभणीत याहून चकाचक क्लास सापडतील. हा क्लास वसमत रोडला, एका मंगल कार्यालयाच्या मागं, पत्र्याच्या शेडमध्ये चालतो. लग्नाची दाट तीथ असली की शेजारी बँड वाजतो आणि सर 'एक, दोन' म्हणतात ते ओठांवरून ओळखावं लागतं. पण अंगावर ठोसा आला, लाथ आली, तर नेमकं काय करायचं एवढंच शिकायचं असेल, तर माझं मत या शेडच्या बाजूनं आहे.

मत कुणाचं आहे तेही कळू द्या. मी एसटीत कंडक्टर. चाळिशी ओलांडलेली, शाळेत खो-खो खेळलेली, त्यानंतरचा व्यायाम म्हणजे चालत्या गाडीत तोल सांभाळत तिकीट देणं. गळ्यात तिकिटाचं मशीन, खांद्याला कॅशची बॅग, आणि समोर हातभर अंतरावर सुट्ट्यांवरून तापलेला कुणीतरी. पोलीस भरतीच्या पोरीला किंवा जिमला जाणाऱ्या पोराला हा क्लास कसा वाटेल ते त्यांनी लिहावं. मी माझ्या पॅसेजपुरतं बोलते.

१७ मार्च २०२३ पासून बायांना हाफ तिकीट झालं आणि गाड्या खच्चून भरायला लागल्या. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तशी रुपया-दोन रुपयांची कटकटही वाढली. प्रवासी वाईट नसतात हो. झरी-बोरीचे म्हातारे अजून 'बाई, टेका जरा' म्हणत सरकून जागा देतात. पण गर्दीत उभं राहून राहून माणसाचं डोकं तापतं. जिंतूरच्या एका फेरीला रुमाल टाकून धरलेल्या सीटवरून दोघं भिडले, मी मध्ये गेले, आणि एकाचं कोपर माझ्या गालफडावर बसलं. मारणाऱ्याला मी दिसलेसुद्धा नव्हते. माझे डोळे गच्च मिटले आणि दोन्ही हात आपोआप कॅशच्या बॅगेवर गेले. कॅश आधी, गाल नंतर, नोकरीच तशी. रात्री आंबेहळदीचा लेप लावून बसले होते, तेव्हा क्लासचं नाव आमच्या ह्यांनीच काढलं. "काऊन नाही लावत?" म्हणे.

इथं यायच्या आधी दुसऱ्या एका क्लासचा डेमो पाहिला होता. नाव घेत नाही. तिथं पहिल्याच तासाला रबरी चाकू हातात आला. समोरची पोरगी चाकू पुढं करून तशीच थांबायची, मी तिचं मनगट पिरगाळायचं, चाकू खाली, टाळ्या. खरा चाकूवाला हात पुढं करून असा फोटोला थांबेल काय? वसमत रोडच्या सरांना मी मुद्दाम विचारलं की चाकूचं कधी शिकवता. ते म्हणाले, "मॅडम, चाकू दिसला की बॅग फेका आन् पळा. पळायला जागा नसली तर मधी काहीतरी आणा. सीट, बॅग, जे हाताला लागंल ते. बाकीचं तुम्हाला सहा महिन्यांत शिकवतो म्हणलो तर मी खोटारडा." त्या उत्तरावर मी फी भरली. प्रवेशाचे ३००, महिन्याला ७००. ड्रेसची सक्ती नाही, ट्रॅकपँट आणि टी-शर्ट चालतो. मी तर कधी कधी ड्युटीचे बूट घालूनच सराव केलाय, मॅटच्या बाहेर.

सुरुवातीला कुणी कुणाला मारलंच नाही. मला वाटलं, लागले पैसे चुलीत. सरांनी शाळेतली फूटपट्टी आणली. एकीनं वरून सोडायची, दुसरीनं खाली बोटं उघडी ठेवून पकडायची. आमच्यात सिव्हिलला असलेली एक सिस्टर आहे, तिनं ती वीस सेंटिमीटरवर पकडली. पट्टीला तेवढं पडायला साधारण ०.२ सेकंद लागतात. माझ्या बोटांतून तर अख्खी पट्टी निसटली. मग सर म्हणाले, समजा ही पट्टी नाही, ठोसा आहे. डोळ्यानं बघायचं, मग ठरवायचं, मग हात उचलायचा, यात पाव सेकंद गेला; हातभर अंतरावरून निघालेली मूठ त्याच्या आत तोंडावर असते. सिनेमात हवेतल्या हवेत मूठ पकडतात, तसलं काही होत नसतं. म्हणून दोन गोष्टी भांडण पेटायच्या आधीच आपल्याकडं पाहिजेत: अंतर, आणि हातांची जागा.

अंतर इतकं, की आपल्यापर्यंत पोचायला समोरच्याला एक पाऊल टाकावं लागेल. मुठीपेक्षा पाऊल लवकर दिसतं. आणि हात कसे, तर दोन्ही तळवे उघडे, छातीच्या वर, कोपरं बरगड्यांजवळ, तोंडानं "दादा, थांबा, ऐकून घ्या". बघणाऱ्याला वाटतं बाई समजावतेय. समजावतच असते म्हणा, पण तिथून कानशिलापर्यंत हात न्यायला वेळ लागत नाही. माझ्या कामाला हे चपखल बसलं. मूठ वळलेली दिसली की माणूस आणखी भडकतो, उघड्या हातांपुढं पुष्कळदा उतरतो. शिवाय आजकाल गाडीत भांडण झालं की चार मोबाइल वर होतात, आणि त्या व्हिडिओत कंडक्टरचे हात उघडे दिसलेले बरे.

मारायच्या आधी माणूस सांगतो, हे सरांचं आवडतं वाक्य. बोलता बोलता शब्द तुटक होतात किंवा एकदम बंद पडतात. हनुवटी वर येते. बाही मागं सारली जाते. नजर एकदा इकडं तिकडं फिरते, आणि उजवा खांदा मागं जातो. आम्ही आळीपाळीनं तापलेल्या माणसाचं सोंग घ्यायचो आणि समोरचीनं कोणत्या क्षणी हात वर करायचे ते ठरवायचं. सिस्टरचं सोंग इतकं हुबेहूब, की पोरी खरंच मागं सरायच्या. कॅज्युअल्टीत रात्रपाळी केलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. ती सरांनाच दोन खुणा जास्तीच्या सांगून गेली.

आता ठोसा. रस्त्यावरचा ठोसा बॉक्सिंगवाल्यांसारखा सरळ क्वचितच येतो. बहुतेक वेळा उजव्या हाताचा, लांबून, गोल फिरवून. त्यावर सरांचं औषध एकच: डावा हात डोक्याच्या बाजूनं मागं न्यायचा, केस विंचरतात तसा, तळवा मानेच्या मागं, कोपर पुढं, हनुवटी खाली, आणि मागं न हटता पुढं घुसायचं. मागं हटलं की मूठ पूर्ण वेगात येऊन लागते. पुढं घुसलं की मुठीच्या जागी त्याचा दंड आपल्या कोपरावर आदळतो आणि अर्धी ताकद तिथंच संपते. वाचायला सोपं आहे. अंगात उतरायला वेळ लागतो, कारण सगळं शरीर मागं पळायला बघत असतं आणि आपण त्याला मारणाऱ्याच्या कुशीत घालतो.

या क्लासचे पैसे वसूल होतात ते यानंतरच्या सरावात. डोक्याला हेडगार्ड, दातांना माऊथगार्ड (खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळतो, गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा), आणि समोर सरांच्या हाताखालची ताई. ब्लॅक बेल्ट, अंगानं सडपातळ, हातात भलेमोठे बॉक्सिंग ग्लोव्ह. ती मारते. खरोखर मारते. आधी सांगून आणि हळू, मग सांगून आणि जोरात, मग न सांगता. सर तिच्या मागं उभे राहून बोटं दाखवतात आणि मारा चालू असताना किती बोटं आहेत ते आपण ओरडून सांगायचं. डोळे मिटले की आकडा चुकतो. सुरुवातीला माझं सगळंच चुकायचं, तीन असली की मी पाच म्हणायची. हळूहळू ग्लोव्ह कानशिलाला लागतोय आणि तरी मला सरांच्या हातातली अंगठी दिसतेय, असं व्हायला लागलं. ज्या दिवशी अंगठी दिसली त्या दिवशी मी सगळ्यांना चहा पाजला.

हे दांडगाईनं चालत नाही, तेही सांगते. मांडीवर दोनदा थाप मारली की ताई तिथंच थांबते. कॉलेजची एक पोरगी दुसऱ्याच ठोशाला रडायला लागली. ताईनं ग्लोव्ह काढले, पाणी दिलं, बाजूला बसवलं आणि कुणाला काही बोलू दिलं नाही. पुढच्या वेळी ती पोरगी स्वतःहून रांगेत पहिली उभी होती. माझ्या सासूबाईंना हा प्रकार पटलेला नाही. "पैसे देऊन मार खायला जाती का गं?" म्हणतात. हो आत्या, तेवढ्याचेच पैसे आहेत. बाकीचं मोबाइलवर फुकट बघायला मिळतं.

अडवून झालं की पुढं काय? मूठ मारू नका, इथं सर ठाम आहेत. सराव नसलेल्या माणसानं कवटीवर मूठ मारली की करंगळीखालचं हाड मोडतं. डॉक्टर त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात, आणि सिस्टर म्हणाली की भांडण करून आलेल्यांत हे हमखास दिसतं, मारणाऱ्याचाच हात गळ्यात. त्याऐवजी तळव्याचा मनगटाकडचा टणक भाग, हनुवटीखाली किंवा नाकावर. मग गुडघा जांघेत. मग दार. चौथं काही नाही. सरांचं म्हणणं, एवढ्यात जागा मिळाली नाही तर अजून दहा प्रकार येत असले तरी उपयोग नाही.

सर मूळचे शोतोकान कराटेचे. शेडमध्ये एकच फोटो आहे, गिचिन फुनाकोशींचा. १९२२ मध्ये ओकिनावाहून टोकियोला जाऊन ज्यांनी कराटे दाखवलं ते हे गृहस्थ. फोटोला रोज वाकून नमस्कार असतो, पण शिकवताना सर फोटोला भीत नाहीत. 'आगे उके' हा कोपरापासूनचा हात वर नेऊन अडवायचा कराटेतला पहिला धडा. सर म्हणतात तो वरून डोक्यावर येणाऱ्या हातासाठी ठेवा, गोल ठोशाला तो पुरा पडत नाही. अडवणं आणि मारणं एकाच वेळी, हा भाग त्यांनी क्राव मागा नावाच्या स्वसंरक्षणाच्या पद्धतीतून घेतलाय. १९३० च्या दशकात ब्रातिस्लाव्हात ज्यू वस्तीवर हल्ले व्हायचे, तेव्हा इमी लिख्तेनफेल्ड नावाच्या बॉक्सिंग आणि कुस्ती खेळलेल्या माणसाला उमगलं की आखाड्यातले नियम गल्लीत चालत नाहीत. तिथून ते निघालं. ही गोष्ट सर दर बॅचला सांगतात. मला दोनदा ऐकायला मिळाली आणि दुसऱ्यांदा थोडी लांबली होती.

मग मी माझी फरमाईश ठेवली. म्हटलं, सर, हे सगळं मॅटवर ठीक आहे, पण माझी मारामारी होणार पॅसेजमध्ये. डाव्या-उजव्या बाजूला सीट, वरून दांडा, पायात कुणाची तरी पिशवी. सरांनी मंगल कार्यालयातून प्लास्टिकच्या खुर्च्या मागून आणल्या आणि दोन रांगा लावल्या. मधल्या जागेचं माप मी ओढणीला गाठ मारून गाडीतून आणलं होतं. खांद्याला जुनी बॅग, त्यात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. बाकीच्या पोरी प्रवासी झाल्या, एक तर मागून "ओ बाई, बोरी आली का?" म्हणून ओरडत होती. त्या सकाळी जेवढं शिकायला मिळालं तेवढं आधीच्या अख्ख्या महिन्यात नाही.

कसं ते सांगते. पॅसेजमध्ये गोल ठोसा नीट फिरतच नाही. हात दांड्याला नाहीतर सीटच्या पाठीला अडतो. त्यामुळं येतं ते सरळ: छातीवर ढकलणं, गळ्याजवळ कपडा धरणं, झापड, आणि बॅगेचा पट्टा ओढणं. कोपर पुढं काढून डोकं झाकायचं ते इथं बरोबर बसतं, कारण ते खांद्याच्या रुंदीबाहेर जात नाही. पण 'तिरकं पाऊल टाकून बाजूला व्हा' हा जो मोठा धडा आम्ही घोकला होता, तो साफ निकालात निघाला. बाजूला व्हायला जागाच नाही. सरांनी थोडा वेळ डोकं खाजवलं आणि मला एक गुडघा शेजारच्या सीटवर टेकवायला लावला. तेवढ्यानं अंग तिरकं झालं, मधला भाग झाकला गेला आणि समोरच्याचा जोर खिडकीकडं गेला. पट्टा ओढला तर उलटं ओढायचं नाही, ओढेल त्या दिशेनंच पुढं जायचं. तो मागं तोल सावरत असतो आणि आपण कोपरासकट त्याच्या छातीवर असतो. आणि या सगळ्याच्या आधी बेल. चालत्या गाडीत झटापट झाली तर कोण कुणावर पडेल याचा नेम नाही, म्हणून गाडी उभी करणं हाच पहिला डाव, असं सरांनी माझ्या वहीत लिहून दिलं. ज्या शिक्षकाला आपला धडा एका विद्यार्थिनीच्या जागेत चालत नाही हे पटतं आणि जो तिथल्या तिथं दुसरा शोधतो, त्याला मी मानते.

लाथांचं मात्र इतकं खुलून बोलता येत नाही. शिकवतात ते बरोबर आहे. पोटाकडं लाथ आली की आपले दोन्ही हात खाली जातात, तोंड उघडं पडतं, आणि लाथेच्या मागून ठोसा येतोच. म्हणून वाकायचं नाही. गुडघा वर, कोपर खाली, मधली फट बंद. जागा असेल तर तिरकं सरकायचं आणि हातानं लाथेला फक्त बाजूची वाट दाखवायची. कराटेतलं 'गेदान बाराई', म्हणजे हात खाली झटकून लाथ अडवणं, ते सर परीक्षेपुरतं शिकवतात. नडगीपुढं हाताचं हाड टिकत नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. मांडीवर फिरवून येणाऱ्या लाथेला दोन उपाय. एक म्हणजे पाय उचलून गुडघा बाहेर काढायचा आणि नडगीवर नडगी घ्यायची. दुखतं, लई दुखतं, दुसऱ्या दिवशी गाडीच्या पायऱ्या मोजून चढले. दुसरा म्हणजे पुन्हा पुढं घुसणं. लाथेला वेग घ्यायला जागा लागते, जवळ गेलं की नडगीऐवजी मांडी लागते आणि मार बोथट होतो. लाथ हातात पकडून पाडायचं कॉलेजच्या पोरांना भारी आवडतं. सर ते फक्त मॅटवर करू देतात आणि मला त्यात पडायचंच नाही.

पण ठोशांचा सराव जसा खऱ्या माराखाली होतो, तसा लाथांचा महिलांच्या बॅचमध्ये होत नाही. ताईची लाथ सुरेख आहे, वजन नाही. पॅडवर घेतली की वाटतं जमलं. मी हट्ट धरून अधूनमधून संध्याकाळच्या मिक्स बॅचला जायला लागले. तिथल्या एका ऐंशी किलोच्या दादानं किक पॅडवर सरळ लाथ घातली आणि मी पॅडसकट मॅटच्या कडेला. तेव्हा कळलं की सकाळी जे जमत होतं त्यातलं अर्धंच जमलेलं आहे. हे सकाळच्या बायांनाही कळायला पाहिजे. सरांना मी तोंडावर सांगितलंय. ते 'बघू' म्हणालेत. त्यांचं 'बघू' कधी होकाराचं असतं, कधी नसतं.

पडायला शिकवतात, ते कुणी मनावर घेत नाही. मी घेतलं, कारण या वयात हाड मोडलं तर रजा किती जाईल याचा हिशोब मला पाठ आहे. हनुवटी छातीला चिकटवायची, पाठ गोल, तळहात टेकवून अंग झेलायचं नाही, मनगट जातं. हात पसरून जमिनीवर आपटायचे. ठोशापेक्षा डोकं फरशीवर आपटण्याची भीती मोठी, म्हणून मान आधी. पडल्यावर पाय मारणाऱ्याकडं, डोकं उचललेलं, जवळ आला तर त्याच्या नडगीवर लाथ. उठताना एक हात मागं टेकवून, दुसरा तोंडापुढं ठेवून, पाय खालून मागं काढायचा. पुढं वाकून उठलं की तोंडच लाथेच्या उंचीवर येतं. क्लासचा आजवर मला खरा उपयोग झाला तो इथंच, आणि तोही मारामारीत नाही. पावसात स्टँडच्या ओल्या फरशीवर घसरले, बॅग एकीकडं, मी एकीकडं, पण डोकं आणि मनगट दोन्ही शाबूत. कंट्रोलर साहेब खिडकीतून म्हणाले, "बाई, पडल्या का झोपल्या?"

मनगट सोडवणं, मागून मिठी सोडवणं, केस धरले तर काय, हेही होतं. अंगठ्याच्या बाजूनं पकड सुटते हे खरं. पण जन्मभर कुदळ धरलेल्या हाताची पकड नुसत्या युक्तीनं सुटत नाही, आधी नडगीवर नाहीतर पायावर टाच द्यावी लागते. काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, मला जमत नाही आणि जमवायचीही नाही.

कायद्यावर सरांनी एक तास घेतला, तो छोटा आणि कामाचा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जीव वाचवायला हात उचलता येतो, पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि तो पळायला लागला की त्याला धरून धुवायचा हक्क आपला नाही. आम्हा एसटीवाल्यांसाठी जे आधी ३५३ कलम म्हणून तोंडपाठ होतं, सरकारी कामात असलेल्यावर हल्ला, ते आता १३२ झालंय. हे मी डेपोत जाऊन चौघींना सांगितलं, तिघींना माहीत नव्हतं. फोन कुठं करायचा तर ११२.

आता तक्रारी. कपडे बदलायला खोली नाही. मंगल कार्यालयाचं संडास-बाथरूम वापरायचं, आणि लग्न नसलं की त्याला कुलूप. बायांची बॅच चालवायची आणि ही सोय नाही, हे मला पटत नाही. मी घरूनच ट्रॅकपँटवर येते, पण भरतीच्या पोरी स्टेडियमवर आठशे मीटर पळून घामेजलेल्या येतात त्यांनी काय करायचं? हेडगार्ड सगळ्यांत मिळून चारच, वास मारतात. डोक्याला आतून सुती रुमाल बांधा. मॅटचे सांधे उचकटलेत, पायाचं बोट अडकतं. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' आपण अभिमानानं म्हणतो, पण मे महिन्यात संध्याकाळी साडेपाचला त्या पत्र्याखाली उभं राहून म्हणून दाखवा. सकाळी सहाची बॅच त्यातल्या त्यात बरी.

आणि सरांचे विनोद. 'बायांचं खरं हत्यार जीभ' वगैरे. पहिल्यांदा सगळ्या हसल्या, दुसऱ्यांदा सिस्टर हसली नाही, तिसऱ्यांदा ताईनंच सर्वांसमोर "सर, पुढचं घ्या" म्हटलं. तेव्हापासून कमी झालेत, बंद नाहीत.

बेल्ट परीक्षेची फी वेगळी असते आणि संध्याकाळच्या बॅचमध्ये लेकरांच्या आयांना त्याचीच घाई. एक बाई सरांना ऑलिंपिकचं विचारत होत्या. कराटे टोकियोला होतं, २०२१ मध्ये झालं ते. पॅरिसला २०२४ मध्ये नव्हतं. सरांनी हे सरळ सांगितलं, खोटी आशा दाखवली नाही. शाळेत सहावी ते बारावीच्या मुलींना समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून आत्मरक्षेचं प्रशिक्षण मिळतं, माझ्या लेकीलाही मिळालं. तिच्या आईच्या वयाच्या बायांसाठी कोण काय करतं, हे शोधायला गेलं की अशा शेडपाशीच येऊन थांबावं लागतं.

ड्युटीमुळं खाडे झाले तर फी वळती करत नाहीत, पण त्या आठवड्यात दुसऱ्या बॅचला बसू देतात. शिफ्टवाल्यांनी हे आधीच बोलून घ्या. फोन करून जाऊ नका, क्लास चालू असला की सर उचलत नाहीत. सकाळी सहाच्या आधी पोचा, मंगल कार्यालयाच्या डाव्या बोळीतून मागं, पहिला तास फुकट असतो. त्या तासाला फूटपट्टीच निघेल बहुतेक. कंटाळून परत जाऊ नका, ताईचे ग्लोव्ह निघेपर्यंत थांबा आणि मग ठरवा.

पाचपैकी चार. जो एक कापला तो बाथरूमचं कुलूप आणि सकाळच्या हलक्या लाथा यांचा मिळून. पिवळ्या बेल्टची परीक्षा पुढच्या रविवारी आहे म्हणतात. माझं नाव यादीत नाही, मी गंगाखेडला मुक्कामी गाडीवर आहे.